सम नसलेला वसंत

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे संगीत ही बडोद्याच्या कानांना सर्वस्वी परकी वस्तू आहे, असा जो समज येथील पुष्कळ सुशिक्षित मंडळींच्या मनात घर करून बसला आहे, त्याला या शहराच्या इतिहासाचा मुळीच आधार नाही. गवई, बीनकार, नर्तकी आणि इतर गुणीजन यांच्या नेमणुका, हजेरी आणि मुशाहिरा यांचा हिशेब ठेवणारा ‘कलावंत कारखाना’ हे जसे गायकवाड सरकारचे एक रीतसर खाते होते, तसाच संस्थानचा बँडही होता, आणि ज्या कमाटीबागेत आज आपण मुलांना घेऊन फिरावयास जातो, तेथील बँडस्टँड त्या काळाची साक्ष देत अजून उभा आहे. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती सिद्ध केली, तिच्या आधारे पाठ्यपुस्तके तयार केली, आणि त्यांचे चिरंजीव अल्लाउद्दीनखाँ पठाण हे तर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रीतसर शिक्षण घेऊन परत आले. १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या खटपटीने भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेचे यजमानपद बडोद्याकडे यावे, यात म्हणूनच आश्चर्य करण्यासारखे काही नव्हते.

याच मौलाबक्षांचा दौहित्र, पुढे सूफी विचारांचा प्रसारक म्हणून युरोप-अमेरिकेत ख्यातनाम झालेला इनायतखाँ, ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यास जन्मला. आणि त्याच्या केवळ अठरा दिवस आधी, १७ जून १८८२ रोजी, रशियात सेंट पीटर्सबर्गनजीक ओरानियेनबाउम या गावी इगोर स्ट्राविन्स्की याचा जन्म झाला. १९१० साली इनायतखाँनी भावांसह हिंदुस्थान सोडला, पॅरिसमध्ये मैफली केल्या आणि १९१३ साली ते मॉस्कोत जाऊन राहिले. त्याच सुमारास स्ट्राविन्स्की रशिया सोडून पॅरिसच्या रंगभूमीसाठी संगीत लिहीत होता. पूर्वेचा गायक उत्तरेस आणि उत्तरेचा रचनाकार पश्चिमेस जात असतानाच्या त्या काळात, २९ मे १९१३ रोजी, पॅरिसच्या नव्याने उघडलेल्या शाँझेलिझे नाट्यगृहात ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ हे स्ट्राविन्स्कीचे बॅले, म्हणजे वसंताच्या अनुष्ठानाचे नृत्यनाट्य, प्रथम रंगमंचावर आले. विसाव्या शतकातील संगीताची वाट ज्या थोड्या कृतींनी बदलली, त्यांत हिचे स्थान पहिल्या पंक्तीत आहे, आणि या लेखाचा विषय हीच कृती व तिची ध्वनिमुद्रिका हा आहे.

कथानक असे फारसे नाहीच. प्राचीन रशियातील, ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या टोळ्या वसंताच्या आगमनी पृथ्वीची पूजा करतात, खेळ खेळतात, फेर धरतात, आणि अखेर एका कुमारिकेची निवड करून तिला मरेपर्यंत नाचावयास लावतात. वडीलधारी मंडळी वर्तुळाकार बसून ते पाहत असतात. ही कल्पना १९१० साली, ‘फायरबर्ड’ हे आपले पहिले मोठे बॅले पुरे करीत असता, स्ट्राविन्स्कीच्या मनात आली, आणि तिला आकार देण्यासाठी त्याने ज्याचे साहाय्य घेतले तो चित्रकार व पुरातत्त्वाचा अभ्यासक निकोलस रोरिक हा पुढे हिंदुस्थानातच कायमचा राहिला. कुलू खोऱ्यातील नग्गर येथे १९४७ साली त्याचा देहान्त झाला, आणि त्याचा पुत्र स्वेतोस्लाव याच्याशी बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणी विवाहबद्ध झाल्या. हिमालयाच्या शिखरांची ज्याची चित्रे आपण पाहतो, त्यानेच या बॅलेचे नेपथ्य आणि वेषभूषा रेखाटल्या होत्या, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

पहिल्या प्रयोगाच्या रात्री प्रेक्षागारात जो गोंधळ झाला त्याची हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, ती विस्ताराने येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यात वाद्ये ऐकू येईनात, नृत्यरचनाकार निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून नर्तकांना मात्रा ओरडून सांगू लागला, आणि वाद्यवृंदसंचालक पिएर मोंतो याने मात्र विचलित न होता ती कृती शेवटपर्यंत नेली. माझ्या मते या आख्यायिकेने कृतीचे हित होण्याऐवजी अहितच अधिक केले आहे. कारण ती ऐकून आलेला नवखा श्रोता संगीताऐवजी गलक्याचीच अपेक्षा करून बसतो. वास्तविक वर्षभराच्या आतच, एप्रिल १९१४ मध्ये, त्याच मोंतोने हीच कृती पॅरिसमध्ये नृत्यावाचून, केवळ वाद्यवृंदाची मैफल म्हणून सादर केली, तेव्हा श्रोत्यांनी रचनाकाराला अक्षरशः खांद्यावर उचलून घेतले. निजिन्स्कीचे मूळ नृत्य थोड्याच प्रयोगांनंतर विस्मृतीत गेले, आणि जुन्या रेखाटनांच्या व आठवणींच्या आधारे त्याची पुनर्रचना होण्यास १९८७ साल उजाडावे लागले. मधल्या सर्व काळात ही कृती जगली ती संगीताच्या बळावर, आणि बहुतांशी ध्वनिमुद्रिकांच्या आधारावर.

ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व कारेलीबागेत राहणाऱ्या माझ्यासारख्या श्रोत्याला विशेषच जाणवते. या रचनेला सुमारे शंभर वादक लागतात. बासरीपासून बसूनपर्यंत लाकडी सुषिरवाद्यांचे प्रत्येकी पाचांचे ताफे, आठ हॉर्न, पाच ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, दोन ट्युबा, पाच टिंपनी, मोठा नगारा, घंटा, झांजा, खरखरणारा गुईरो आणि शिवाय तंतुवाद्यांचा मोठा समुदाय इतकी सामग्री जमवणे युरोपातील मोठ्या शहरांनाही एके काळी जड जात असे. आपल्या देशात कायमस्वरूपी व्यावसायिक वाद्यवृंद म्हणून जिचे नाव घ्यावे ती मुंबईच्या एन. सी. पी. ए.ची संस्था २००६ साली स्थापन झाली, आणि मुंबई बडोद्यापासून चारशे किलोमीटर दूर आहे. आमच्या सोसायटीच्या वरच्या मजल्यावरील खोलीत, मुक्तानंद सर्कलची रहदारी ओसरल्यावर, दोन चांगल्या स्पीकरांसमोर बसून ऐकणे हाच आम्हांस उपलब्ध असलेला मार्ग आहे. आणि अनेक वर्षांच्या अनुभवानंतर मी असे म्हणू इच्छितो की, हा मार्ग दुय्यम नाही. प्रत्यक्ष मैफलीत शंभर वादकांच्या घोषात जी मंद्र बासरी बुडून जाते, ती मायक्रोफोनमुळे कानापाशी येते, आणि आवडलेला भाग पुन्हा लावून त्याची वीण उलगडून पाहता येते. अशा गुंतागुंतीच्या रचनेच्या बाबतीत ही सोय अनमोल आहे.

तबकडी सुरू होते ती एकट्या बसूनच्या स्वराने. बसून हे खर्जात बोलणारे वाद्य. पण येथे रचनाकाराने त्याला त्याच्या सप्तकाच्या इतक्या वरच्या टोकाला नेऊन ठेवले आहे की, तो आवाज कोणत्या वाद्याचा, हेच प्रथम ओळखू येत नाही. ती धून लिथुएनियाच्या लोकगीतांच्या एका संग्रहातून घेतलेली आहे. मग दुसरे वाद्य बोलू लागते, तिसरे त्याला छेद देते, प्रत्येक जण आपलीच ओळ आपल्याच गतीने म्हणत राहतो, आणि या सर्व बोलण्याचा मेळ घालण्याची कोणालाच घाई नसते. येथे पुष्कळ श्रोते गोंधळून जातात, कारण आपल्या संगीतात आलापाची दिशा एका षड्जाकडे असते, आणि येथे तसा आधारषड्ज कोणी धरून ठेवलेला नाही. बर्फाखाली दबलेली जमीन फुटून तिच्यातून एकाच वेळी असंख्य कोंब वर यावेत, तशी ही तीन मिनिटे आहेत. त्यांतील प्रत्येक कोंब निराळा पाहण्याचा प्रयत्न पहिल्या खेपेस करू नये.

यानंतर जे येते ते या कृतीचे हृदय, आणि बडोद्याच्या श्रोत्याने ज्यासाठी कान टवकारून बसावे असे स्थळ. तंतुवाद्यांचा सारा समुदाय एकच स्वरसंघात पुनःपुन्हा आघातासारखा वाजवू लागतो. एकमेकांपासून केवळ अर्ध्या स्वराच्या अंतरावर असलेले दोन संघात एकावर एक ठेवून तो बनवला असल्यामुळे त्याचा नाद कर्कश, पण विलक्षण भरीव असतो. वादक प्रत्येक आघात गज खालच्याच दिशेने ओढून काढतात, त्यामुळे त्यांत लालित्याचा लवलेश उरत नाही. चाल सरळ, एकसारखी, द्रुत. आघात एकूण बत्तीस. पण त्यांतील काहींवर आठ हॉर्न एकदम तुटून पडतात, आणि ते जोरकस आघात कोठे पडतात, हे मोजले म्हणजे रचनाकाराची करामत लक्षात येते: दहावा, बारावा, अठरावा, एकविसावा, पंचविसावा आणि तिसावा.

बत्तीस आघात म्हणजे त्रितालाची दोन आवर्तने. घरात तबला शिकणारे मूल असेल तर त्याला या आघातांखाली मनातल्या मनात सोळा मात्रांचा ठेका धरावयास सांगावा. त्याच्या ध्यानी येईल की, पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, जोर नाही. सतराव्या मात्रेवर, जेथे दुसरी सम यावयाची, तेथेही नाही. तो आला आहे तिच्या लगेच पुढच्या मात्रेवर, म्हणजे सम हुकवूनच. दुसऱ्या आवर्तनात एक जोर दुसऱ्या टाळीवर पडतो आणि एक तर थेट खालीवर. आणि तेहेतिसाव्या मात्रेला, ज्या ठिकाणी आपला तबलजी तिहाई पुरी करून समेवर येतो आणि सभा मान डोलावून दाद देते, त्या ठिकाणी हे आघातच थांबतात, आणि इंग्लिश हॉर्न नावाचे एक वाद्य चार स्वरांची आपली छोटी आकृती गुणगुणू लागते. समेची वाट पाहण्याची पिढ्यानपिढ्यांची सवय असलेल्या कानांना याहून मोठा धक्का कोणता असू शकेल?

हा धक्का पचवण्याची तयारी मात्र बडोद्यापाशी आहे, असे मला मनापासून वाटते. सयाजीरावांचा पहिला विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला, आणि १८८०च्या सुमारास त्यांच्याबरोबर कांतीमती व गौरा या नर्तकी आपल्या साथीदारांसह आंदण म्हणून बडोद्यास आल्या. तंजावरी नृत्य महाराष्ट्र-गुजरातेत रुजले ते अशा रीतीने. कांतीमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे सूरसागराच्या काठच्या संगीत महाविद्यालयात हीच विद्या शिकवली. त्या परंपरेतील जतींमध्ये, म्हणजे नृत्याच्या बोलांच्या रचनांमध्ये, तीन, चार, पाच, सात, नऊ अशा विषम गटांची जोडणी करून लय रचली जाते, आणि पाहणाऱ्याचे पाय नकळत त्या गटांबरोबर हलू लागतात. स्ट्राविन्स्कीच्या लयीची घडणही अशाच गटांच्या बेरजेची आहे: नऊ, दोन, सहा, तीन, चार, पाच, तीन. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की तंजावरी नट्टुवनार, म्हणजे नृत्याला तालाची साथ देणारा गुरू, कितीही दूर भटकला तरी अखेर समेवर परत येतो, कारण त्याच्या मागे तालाचे चक्र सतत फिरत असते; येथे चक्र नाही. येथे लय फक्त पुढे जाते. हे एकदा मनाने मान्य केले, आणि समेची आशा सोडून दिली, की प्रत्येक आघात हाच आपला उगम आणि हाच आपला मुक्काम आहे, असे वाटू लागते. आणि त्या अवस्थेत या संगीताचा खरा उन्माद अंगात भिनतो. या रचनेतील चिजेचे सौंदर्य शोधणारे निराश होतात, लयीला शरण जाणारे तृप्त होतात, हा माझा अनुभव आहे.

पुढील प्रकरणांत वसंतातील फेरांचा भाग गुजरातेत राहणाऱ्यांना सहज भिडेल. नवरात्रात आमच्या परिसरातील मैदानांवर हजारो पावले एकाच वर्तुळात पडतात, त्या वेळी गरब्याची चाल जशी प्रथम संथ, जड, जमिनीला धरून असते, तशीच येथील चाल आहे. मग टोळ्यांचे खेळ, वृद्ध ऋषीची मिरवणूक, आणि एकाएकी शांतता. ऋषी वाकून भूमीचे चुंबन घेतो, त्यासाठी रचनाकाराने जेमतेम चार मापे दिली आहेत, आणि ती इतकी हलकी आहेत की पंखा चालू असेल तर ऐकू येणार नाहीत. त्यांच्या पाठोपाठ पृथ्वीचे नृत्य उसळते आणि धावता धावता मध्येच तोडल्यासारखे संपते. पहिला भाग येथे पुरा होतो.

दुसरा भाग रात्रीचा आहे, आणि मला तो पहिल्याहून अधिक थोर वाटतो. कुमारिकांच्या गूढ फेरात सहा व्हायोला निरनिराळ्या ओळी एकाच वेळी म्हणतात. हे स्थळ ध्वनिमुद्रिकेवर जितके स्पष्ट ऐकू येते तितके सभागृहाच्या मागच्या रांगेत बसून ऐकू येणे कठीण. मग टिंपनी, नगारा आणि तंतुवाद्ये मिळून अकरा सलग प्रहार करतात, निवड झालेली असते, आणि तेथून अंतापर्यंत सुटका नाही. सौराष्ट्रातील वढवाणच्या माधावावीला पाणी लागावे म्हणून मुलगा आणि सून यांचा बळी दिल्याची लोककथा आपण ऐकलेली असते. पाण्यासाठी, पिकासाठी, वसंतासाठी तरुण जीव अर्पण करण्याची ही भीषण कल्पना कोणत्याही एका देशाची नाही. अखेरच्या बळिनृत्यात जवळजवळ प्रत्येक मापाला मात्रासंख्या बदलते, कधी दोन, कधी तीन, कधी पाच, आणि हे मात्रालेखन खुद्द स्ट्राविन्स्कीलाही इतके अडचणीचे वाटले की १९४३ साली त्याने हा भाग नव्याने लिहून काढला. यात करुणा कोठेच नाही. रचनाकार त्या मुलीसाठी एकही विलापाचा स्वर लिहीत नाही, टोळीच्या नजरेनेच तिच्याकडे पाहतो, आणि त्यामुळे श्रोत्याच्या मनात जी व्यथा उत्पन्न होते ती सर्वस्वी त्याची स्वतःची असते. ही निष्ठुरता हा दोष आहे असे म्हणणारे समीक्षक आहेत. मला तो या कृतीचा प्रामाणिकपणा वाटतो.

आता कोणती ध्वनिमुद्रिका ऐकावी? स्वतः स्ट्राविन्स्की आणि पहिल्या प्रयोगाचा संचालक मोंतो या दोघांनीही १९२९ साली पॅरिसमध्येच या कृतीचे मुद्रण केले; ऐतिहासिक कुतूहल म्हणून ती ऐकावीत, पण त्या काळच्या यंत्रांना हा ध्वनी पेलला नाही. लिओनार्ड बर्नस्टीनचे १९५८ सालचे न्यूयॉर्कचे मुद्रण आवेशाने भारलेले आहे, १९६० सालचे रचनाकाराचे स्वतःचे मुद्रण कोरडे पण अचूक आहे, आणि पिएर बुलेझचे क्लीव्हलँडचे १९६९ सालचे मुद्रण इतके स्वच्छ आहे की त्यात प्रत्येक वाद्य निराळे दिसते. तरीही मराठी वाचकाने आरंभ करावा तो झुबिन मेहतांच्या मुद्रणापासून, असे मी सुचवीन. मुंबईत १९३६ साली जन्मलेले आणि वडील मेहली मेहतांनी उभारलेल्या बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या सान्निध्यात वाढलेले झुबिन १९५४ साली व्हिएन्नास शिकावयास गेले, आणि १९६२ साली, सव्विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. त्याच वाद्यवृंदासह १९६९ साली डेक्का कंपनीसाठी त्यांनी ही कृती मुद्रित केली. स्ट्राविन्स्की स्वतः १९४० पासून त्याच शहरात राहत आला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मेहतांची गती चपळ आहे, पितळी वाद्यांचा जोर निर्भय आहे, नगाऱ्याचा घुमारा जमिनीतून यावा तसा येतो. आणि संचालकाने लयीला कोठेही गोंडस केलेले नाही. बुलेझ ऐकावा तो यानंतर, वीण समजून घेण्यासाठी.

साधनांविषयी थोडे. मोबाइलच्या लहानशा कर्ण्यावर ही कृती ऐकणे व्यर्थ आहे, कारण नगारा, ट्युबा आणि खर्जातील तंतुवाद्ये त्यातून मुळी बाहेरच पडत नाहीत, आणि जे उरते ते केवळ किंचाळणे असते. आरंभीचा बसून फार हळू वाटतो म्हणून आवाज वाढवू नये. पुढच्या चारच मिनिटांत शेजारी दार ठोठावतील. सारी कृती जेमतेम तेहेतीस ते पस्तीस मिनिटांची आहे, म्हणजे एका विलंबित ख्यालाहून मोठी नाही. ती तुकड्यांनी ऐकू नये, आणि काम करता करता तर मुळीच ऐकू नये.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली, तेव्हा मानवजातीची ओळख म्हणून त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवण्यात आली, आणि तिच्यावर साऱ्या पृथ्वीवरून निवडलेल्या सत्तावीस संगीतरचना आहेत. त्यांत स्ट्राविन्स्कीने स्वतः संचालन केलेले हेच बळिनृत्य आहे, आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ज्यांनी ही निवड केली त्यांना या दोन गोष्टी शेजारी ठेवण्यात कोणतीही विसंगती वाटली नाही. मग आपल्या दिवाणखान्यात ती का वाटावी? केसरबाईंच्या भैरवीचा आस्वाद घेण्याची पात्रता ज्या कानांनी मिळवली आहे, त्या कानांनी स्ट्राविन्स्कीला अपात्र ठरवण्यापूर्वी निदान तीनदा पूर्ण ऐकावे. पहिल्या खेपेस केवळ लयीला अंग द्यावे, दुसऱ्या खेपेस ते बत्तीस आघात बोटांवर मोजावेत, आणि तिसऱ्या खेपेस दिवे मालवून दुसरा भाग ऐकावा. कारेलीबागेतील, दांडियाबाजारातील, रावपुऱ्यातील ज्या घरांत आजही तबला-पेटीचा रियाज चालतो, त्या घरांतील शिक्षकांना माझी विशेष विनंती आहे की, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हे संगीत एकदा तरी ऐकवावे, आणि ते दोन आवर्तनांचे गणित त्यांच्याकडून फळ्यावर लिहून घ्यावे.